भुरकट पाणी

आमच्या कारखान्यामागून जो नाला वाहतो, त्याच्या अलीकडे देवास जिल्हा आणि पलीकडे दुसरा. हद्द पाण्याच्या मधोमध जाते. त्यामुळे पाणी खराब झालं की अलीकडचे साहेब म्हणत ते पलीकडून येतं, आणि पलीकडचे म्हणत अलीकडून. टोंकखुर्दला राहायला आल्यापासून मी हेच ऐकत आले.

अलीकडे पुठ्ठ्याचा कारखाना आहे. जुने कागद भिजवायचे, त्यांचा लगदा करायचा आणि लगद्याचे पुठ्ठे काढून खोकी बनवायची. पलीकडे बटाट्याचा कारखाना. तिथे बटाटे धुतात, चकत्या कापतात, तळून पाकिटांत भरतात. ती पाकिटं आमच्याच खोक्यांतून बाहेरगावी जातात. पुठ्ठ्याचं एक गोदाम पलीकडे आहे आणि बटाट्याचं एक कोठार आमच्या बाजूला. म्हणजे जिल्हे दोन असले तरी धंदा एकमेकांत गुंतलेला.

एका उन्हाळ्यात म्हशी पाण्यापर्यंत येऊन, वास घेऊन, तशाच परत फिरायला लागल्या. कोणाची नोटीस आली नव्हती, कोणी तक्रारही लिहिली नव्हती. दोन्ही सेठ नाल्यावरच्या रपट्याशी, म्हणजे बुटक्या पुलाशी, चहाच्या टपरीवर बसले आणि त्यांनी आपसात नियम केला. दोघांनी आपापल्या बाजूला हौद बांधायचे. पाणी हौदात निवल्याशिवाय नाल्यात सोडायचं नाही. दोन्ही काठांवर करंज लावायचे. आणि दोन्ही बाजूंनी एकेका बाईनं रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला पाणी पाहून लिहून ठेवायचं. ज्याचं पाणी खराब दिसेल त्यानं वाद न घालता पाणी साफ होईपर्यंत मशीन बंद ठेवायची. सगळे त्याला ‘अपना कायदा’ म्हणत. खऱ्या कायद्याला जे जमलं नव्हतं ते याला जमलं. दुसऱ्या वर्षी नाल्यात बगळे उतरू लागले.

आमच्या काठावरची बाई मी होते.

त्याआधी मी पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवत असे. कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींना कुठून तरी कळलं की माझे वडील धारला रंगारी होते, साड्या-लुगडी रंगवायचं दुकान होतं. ते म्हणाले, “काकी, रंग तो आपके घर का काम है। आप ही देखो पानी।” मला शेडमधून सुटका हवीच होती. तिथे दहा बायका एकदम बोलायच्या आणि कोणी माझ्याकडे वळून काही विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. नाल्यावर बोलावं लागणार नव्हतं. पांढऱ्या काचेची बाटली भरायची, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यासमोर धरायची, रंग, वास, फेस पाहायचा आणि वहीत लिहायचं. बस.

लिहिण्याची मात्र भीती होती. मी धारच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. पाचवीपासून शाळा हिंदी होती आणि लांबही. तोवर आई गेली होती, दुकानात कापड वाळत घालायला हात हवा होता, म्हणून मी तिथेच राहिले. हिंदी मला बोलता येते. लिहायला बसलं की हात मराठीकडेच वळतो. मुनीमजींना मी विचारलं होतं, कसं लिहू. ते म्हणाले, “जो दिखे वही लिखो, हिंदी में।” मला वाटलं, रंगाला काय हिंदी आणि काय मराठी. अक्षरं तर तीच आहेत.

वडील रंगाची नावं फार नेमकी घेत. गिऱ्हाईक नुसतं ‘लाल’ म्हणालं की ते विचारत, “डाळिंबी की कुंकवाचा?” तिरल्याहून बायका लुगडी घेऊन येत, त्यांना ते ओट्यावर बसवून चिंध्यांची माळ दाखवत. आमसुली, अबोली, मोतिया, गव्हाळ, राखी, भुरकट. त्यामुळे पाण्याकडे पाहिलं की मला नाव आपोआप सुचायचं. मी लिहायची, मुनीमजी आठवड्यातून एकदा वही न्यायचे आणि कॉम्प्यूटरवर उतरवून त्याचा कागद पलीकडे पाठवायचे.

पलीकडच्या काठावरची बाई लिहीत नसे. तिला अक्षर येत नव्हतं. पाणी चांगलं असेल तर गोल आणि खराब असेल तर फुली, एवढंच ती कागदावर काढायची. अंगानं भरलेली, हिरव्या लुगड्यातली, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असावी. नक्की सांगता येत नाही, कारण मी तिला नेहमी लांबूनच पाहिलं. नाला पंधरा-वीस पावलांचा, पण पाय न भिजवता तो ओलांडायचा तर रपट्यापर्यंत मैलभर चालावं लागतं. आम्ही दोघी कामावर असायचो, कोण जाणार?

पहिल्या दिवशी मी मान खाली घालून बाटली भरत होते. पलीकडून आवाज आला, “ए बेन, थारा मूंडा में जबान है के घरे छोड़ आई?”

मी मान वर केली. बाटली वर उचलून दाखवली.

“हां, बाटली तो म्हारे कने भी है,” ती म्हणाली. “जबान को पूछ्यो थो।”

मला हसू आलं. त्या दिवसापासून ती बोलायची आणि मी ऐकायची. तिचा आवाज भरदार होता, पाण्यावरून सरळ यायचा. माझा निम्म्यातच पडायचा, म्हणून मी हातानं, मानेनं सांगायची. तिचा नवरा रात्री घोरतो, सुनेला भाकरी गोल येत नाही, पीपलरावां गावच्या बाजारात तिला चप्पल एकाच पायाची दिली, असं सगळं मला ठाऊक असायचं. पाण्याच्या रंगाला ती स्वतःची नावं ठेवायची. एकदा पाणी पिवळसर होतं. ती म्हणाली, “आज तो थारा सेठ का दांत जसो है।” मी पदर तोंडाशी धरून हसले आणि मग वहीत लिहिलं, ‘मोतिया’.

घरी असं कोणी बोलणारं नव्हतं. मुलगा देवासला कामाला जातो, सकाळी कंपनीच्या बसनं निघतो आणि दिवेलागणीला येतो. सून मनानं वाईट नाही. तिला मराठी समजतं, बोलता येत नाही. नातवाला समजतही नाही. मी त्याला ‘बाळा, इकडे ये’ म्हटलं की तो आईकडे पाहतो, ती हिंदीत सांगते, मग तो येतो. माझे मालक गेल्यावर घरात मराठी माझ्या एकटीपुरतीच उरली. देवापुढे दिवा लावताना चार ओळी म्हणते, तेवढ्याच. पलीकडची ती मराठी नव्हती, माळवी बोलायची. तरी दिवसातून दोनदा कोणीतरी मला ‘बेन’, म्हणजे बहीण, म्हणून हाक मारत होतं, आणि त्या हाकेसाठी मी आठच्या आधीच काठावर जाऊन उभी राहत असे.

दोन वर्षं अशी गेली.

महाशिवरात्र होऊन गेली होती. त्या दिवसांत नाल्यात वरून येणारं पाणी थोडंच असतं, त्यामुळे हौदातून सुटलेल्या पाण्याचा रंग लगेच दिसतो. शेतांतून बटाटा निघत होता, पलीकडे ट्रॅक्टरची रांग लागलेली. एका सकाळी बाटली फरशीपुढे धरली तर पाणी साफ नव्हतं. पांढऱ्यात चिमूटभर काजळ मिसळावं तसा रंग, धुरकट, जवळजवळ राखेसारखा. वडिलांच्या माळेतला भुरकट रंग असाच होता. आमच्याकडे फिकट करड्या म्हशीलासुद्धा भूरी म्हणतात, तो रंग. मी वहीत ‘भुरकट’ लिहिलं. दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. पलीकडे तिनंही फुली काढली आणि कागद हवेत फडकवून मला दाखवला.

चार दिवस मी तोच शब्द लिहिला. मग मुनीमजी वही घेऊन गेले. पाणी त्यानंतरही तसंच येत राहिलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात बाटली नव्हती. नेहमीच्या दगडावर न थांबता ती थेट पाण्याच्या कडेपर्यंत उतरली.

“बेन, एक वात बता,” ती म्हणाली. “थने भूरो लिख्यो?”

मला वाटलं, ती रंगाचंच विचारते आहे. मी मान हलवली. मग एवढ्यानं पुरणार नाही असं वाटून शक्य तितक्या मोठ्यानं म्हटलं, “हो, लिहिलं. चारही दिवस.”

“दो बरस से हूं थारा से वात करूं,” ती म्हणाली, “ने थने एक बार म्हारे केणो नी थो?”

काय सांगायला हवं होतं ते मला कळेना. तिनंही तर फुली काढली होती. मी ते म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आतच ती काठ चढून गेली. दुपारी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मला वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, रागावली असेल. कशावरून ते काही केल्या लक्षात येईना. चार वाजता जाऊन मी पाच वाजेपर्यंत उभी राहायची. समोर नुसते करंज.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या नळातून गढूळ, दाट पाणी सुटलं. हौदात न निवलेलं, बटाट्याची माती तशीच घेऊन आलेलं. बाटलीत बोटभर गाळ बसला. मी वहीत लिहिलं, ‘मातकट’.

मुनीमजी वही पाहायला आले तेव्हा चहाचा ग्लास त्यांच्या हातात होता. “काकी, ये मातकट क्या है? मटमैला?”

“हो. मातीसारखा.”

“तो पहले जैसा भूरा ही लिखो ना। पानी तो वही है आलू का।”

“पहिलं पाणी तसं नव्हतं,” मी म्हटलं.

“कैसे नहीं था? आपने ही तो चार दिन भूरा लिखा। उसी पे तो पूरा झगड़ा हुआ।”

मी विचारलं, “भिया, भूरा म्हणजे कसा?”

त्यांनी हातातला ग्लास वर केला. “ऐसा। चाय जैसा। ब्राउन।”

मी त्या चहाकडे पाहत राहिले. मुनीमजी आपल्याच नादात पुढे सांगत होते. माझा ‘भुरकट’ त्यांनी कॉम्प्यूटरवर ‘भूरा’ असा उतरवला होता आणि पुढे कंसात आपल्या मनानंच ‘आलू धुलाई’ घातलं होतं. कागद पलीकडे गेल्यावर तिथले सेठ म्हणाले, आमचा हौद पक्का आहे, आमचं पाणी नाही. आमचे सेठ म्हणाले, लिहिलेलं आहे, मशीन बंद ठेवा. ऐन हंगामात मशीन बंद ठेवायची म्हणून पलीकडचे सेठ भडकले. त्यांच्या सुपरवायझरनं त्या बाईला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, तुला दिसत नव्हतं की दाबून ठेवलंस? समोरची रोज भूरा लिहिते आहे आणि तू फुली मारून गप्प बसतेस? तिला काठावरून काढून टाकलं. आणि मग पलीकडच्या सेठनं निरोप पाठवला की असला एकतर्फी कायदा आम्हाला नको. म्हणून आता पाणी सरळ सुटत होतं.

“अब छोड़ो काकी, ऐसा तो होना ही था,” मुनीमजी म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन निघून गेले.

भुरकट पाणी आमचं होतं. कागदाच्या लगद्याचं. हे मला आता लख्ख दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही दिसायला हवं होतं. पण मला रंग लिहायला सांगितलं होतं, कोणाचा ते नाही, आणि मी सांगितल्यापलीकडे जात नाही. ती काठाशी उतरून ‘भूरो लिख्यो?’ असं विचारत होती तेव्हा सुपरवायझरनं तिच्या तोंडावर फेकलेला शब्द ती माझ्यापुढे ठेवत होती. आणि मी हो म्हटलं होतं. वर चारही दिवस म्हटलं होतं.

तीन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. आपल्याच सेठना जाऊन सांगायचं की खराब पाणी आपलं आहे, मुनीमजींनी चूक उतरवलं आहे. मुनीमजींनीच मला हे काम दिलं होतं. मी मनात वाक्य जुळवायची, हिंदीत, आणि ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत यायची. एकदा सेठनी मला दारात पाहिलं आणि विचारलं, “क्या है बाई?” मी म्हटलं, “कुछ नहीं।” नाल्यात दोन्हीकडून पाणी येत होतं, आमचं भुरकट आणि त्यांचं मातकट, आणि खाली जाऊन दोन्ही एक होत होतं. बगळे दिसेनासे झाले.

बोलणं मला जमणार नव्हतं. मग आठवलं की दुकानात वडील कढईतला रंग नुसता पाहून सांगत नसत. कोऱ्या मांजरपाटाची चिंधी बुडवून वाळवायचे आणि मग गिऱ्हाइकाला दाखवायचे. ओला रंग फसवतो, वाळलेला फसवत नाही. मी जुन्या पांढऱ्या पंच्याच्या पट्ट्या फाडल्या. दोन पट्ट्या आमच्या नळाच्या तोंडाशी बुडवल्या. पलीकडचं पाणी आणायला चपला काढून, कासोटा खोचून गुडघाभर पाण्यात गेले आणि दोन तिकडच्या धारेत बुडवल्या. पाय घसरला, पण पडले नाही. पट्ट्या घरी नेऊन दोरीवर वाळत घातल्या.

सून म्हणाली, “मम्मीजी, ये चिंदियाँ क्यों सुखा रही हो?”

“कामाच्या आहेत,” मी म्हटलं.

“कंपनीवाले अब पोंछे भी घर से मँगवाने लगे?” ती हसून म्हणाली आणि मीही थोडी हसले.

वाळल्यावर कोणालाही कळेल इतका फरक होता. पलीकडची पट्टी विटकरी-मातकट, झटकली की माती गळायची. आमची करडी, वर कागदाचा बारीक तंतू बसून कडक झालेली.

सोमवारी सेठ अंगणात खाटेवर बसून फोनवर बोलत होते. मुनीमजी शेजारी उभे होते. फोन संपेपर्यंत मी थांबले आणि मग पट्ट्या त्यांच्या समोर खाटेवर मांडल्या. बोटानं दाखवत म्हटलं, “हा मातकट. त्यांचा. आत्ताचा. हा भुरकट. मी तेव्हा जो लिहिला तो. आपल्या नळाचा.”

सेठनी करडी पट्टी उचलली. नखानं खरवडली तशी तिच्यावरून कागदाची पापडी सुटली. “ये तो अपनी लुगदी है,” ते म्हणाले.

“काकी ने भूरा ही लिखा था सेठजी,” मुनीमजी म्हणाले.

“बही लाओ।”

वही आली. सेठनी ते चार दिवस काढून पाहिले. “भुरकट,” त्यांनी सावकाश वाचलं. “इसका मतलब पूछा था आपने?”

“मैं समझा, मराठी में भूरे को भुरकट बोलते होंगे।”

“और आलू? आलू भी मराठी में लिखा है?”

मुनीमजी खिशातलं पेन चाचपू लागले. त्यांचा चेहरा पाहून मला आपणच काही चोरल्यासारखं वाटलं. सेठ माझ्याकडे वळले. “बाई, इतने दिन चुप क्यों रहीं?”

मी पदर नीट केला.

त्याच दिवशी मशीन बंद झाली. हौद उपसला तेव्हा नाल्याकडच्या भिंतीत खालच्या अंगाला चीर सापडली. तिच्यातून न निवलेलं पाणी झिरपून नळाच्या तोंडाशी येत होतं. दुसऱ्या दिवशी सेठ पट्ट्या घेऊन स्वतः पलीकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मुनीमजींनी नंतर सांगितलं की पलीकडचे सेठ आधी पुष्कळ बोलले, मग त्यांनी वेफर्सची पाकिटं फोडली, आणि कायदा पुन्हा सुरू झाला. एवढंच बदललं की आता लिहायचं नाही. दोन्हीकडच्या बायकांनी रोज चिंधी बुडवून, वाळवून वहीत चिकटवायची. “अब शब्द का झंझट ही नहीं, काकी,” मुनीमजी म्हणाले. ते माझ्यावर रागावले नव्हते. रागावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी विचारलं, “आणि ती बाई?”

“उसकी जगह तो दूसरी रख ली।”

“पण तिची चूक नव्हती.”

“हाँ, तो अब सबको पता है ना,” ते म्हणाले.

मग रविवारी मी रपट्यावरून पलीकडे गेले. तिचं गाव मला ऐकून ठाऊक होतं, घर विचारत विचारत सापडलं. ती ओसरीत लसणाच्या ढिगापुढे बसून मुळं छाटत होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तिनं मला ओळखलं नाही. मीही क्षणभर चुकलेच. लांबून ती उंच वाटायची. जवळून ठेंगणी होती, गालांवर देवीचे वण होते, आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. सुपरवायझरनं तिला ‘तुला दिसत नव्हतं का’ असं विचारलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

“हूं वणी काठ वाळी,” मी माझ्या मोडक्या माळवीत म्हटलं. त्या काठावरची.

“आ,” ती म्हणाली आणि पोतं सरकवून जागा केली.

मी तिला सगळं सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, मधे अडखळत. ती लसूण छाटत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “तो थारो भूरो अलग, ने वणां को भूरो अलग?”

“हो.”

“ने बीच में म्हारी नौकरी गई।” ती हसली. तेच हसणं, पण घरात फार बारीक येत होतं. मग हसू थांबलं. “वणी दन क्यों नी क्यो?”

“तू विचारलंस, लिहिलं का. मी लिहिलं होतं.”

“म्हने लिखवा को नी पूछ्यो थो, बेन,” ती म्हणाली. “म्हने तो यो पूछ्यो थो के थने म्हारो बुरो चायो के नी।” मी तुझं वाईट चिंतलं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी म्हटलं, “नाही चिंतलं.” आवाज नीट निघाला. पण त्या वेळी निघायला हवा होता.

तिनं चहा केला. आम्ही शेजारी शेजारी बसून प्यायलो, आणि दोघींनाही पुढे काय बोलावं सुचेना. दोन वर्षं आम्ही पाण्यावरून ओरडून बोललो होतो. इतक्या जवळून कसं बोलतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मी तिच्याबरोबर थोडा लसूण छाटला. तिच्या सुनेनं मला पाणी आणून दिलं, तिच्या हातची गोल नसलेली भाकरी मला दिसली, आणि आपल्याला ते माहीत आहे हे मी दाखवलं नाही.

“सेठना सांगून पाहते,” मी निघताना म्हटलं. “तुला परत घेतील.”

“अबे नी,” ती म्हणाली. “सबका सामे झूठी बणी। वां पाछी कई मूंडो लई ने ऊबी रूं?” त्या काठावर ती आता कोणत्या तोंडानं उभी राहणार? मी तिला आग्रह केला नाही. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिनं केला असता. तिनं लसणाची एक जुडी माझ्या पिशवीत घातली आणि मी रपट्याकडे चालू लागले.

परत जाईन असं तेव्हा मनात होतं. दोन-तीनदा निघालेही. पण ओसरीत बसून पुन्हा तेच गप्प होणं डोळ्यांपुढे यायचं आणि मी रपट्यावरून मागे फिरायची. आता वर्ष होत आलं.

नाला सुधारला आहे. वहीच्या पानापानावर पांढऱ्या चिंध्या चिकटवलेल्या आहेत, एकीवरही डाग नाही. बाहेरगावचे दोन कारखानेवाले ती वही पाहायला आले होते, त्यांच्याकडेही एक नाला दोन जिल्ह्यांत पडतो म्हणे. सेठनी त्यांना पाणी दाखवलं. मी जरा मागे उभी होते.

पलीकडे आता एक तरुण बाई येते. कानात मोबाइलची बोंडं घातलेली असतात. चिंधी बुडवते, झटकते, जाते. परवा सकाळी मी तिला ‘बेन’ म्हणून हाक मारली. हाक पोचली नाही, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं मारली, माझ्या मानानं फारच मोठ्यानं. तिनं एक बोंड काढलं आणि वळून पाहिलं.

“मुझे बुलाया, आंटी?”

मी म्हटलं, “नहीं।”